उन्हात टिकणारी, पेटीशेजारी बसणारी गिटार : घेण्यापासून वाजवण्यापर्यंत

गिटार घ्यायला निघण्याआधी एवढं ठरवा की ती वाजणार कुठं. घरातल्या खोलीत, कॉलेजच्या युवक महोत्सवात, गल्लीतल्या गणपतीपुढं, की एकादशीच्या भजनात पेटीशेजारी? आपल्याकडं बहुतेकांचं उत्तर ‘आळीपाळीनं सगळीकडंच’ असं असतं. लातूर, नांदेड, बीडकडच्या पोरापोरींना एकच वाद्य घेऊन तेच सगळीकडं न्यायचं असतं, आणि त्यासाठी पिकअप, म्हणजे तारांचा आवाज वायरीतून स्पीकरला देणारा भाग, बसवलेली अकौस्टिक गिटार बरोबर बसते. वायर न लावता घरात वाजते, वायर लावली की मांडवाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचते. दुकानदार तिला ‘सेमी-अकौस्टिक’ किंवा ‘इक्यूवाली’ म्हणतात, मागताना तेच म्हणा.

पुढं जे काही सांगणार आहे त्याचा गाभा एका ओळीत सांगतो. पैसे आधी गिटारच्या बांधणीला द्या, मग सेटअपला, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट बसवून घ्यायला, आणि सगळ्यात शेवटी इलेक्ट्रॉनिक्सला. दुकानात नेमकं उलटं होतं. चमकता रंग, पिकअपचा आवाज वाढवणारा डिजिटल आकड्यांचा प्रीॲम्प, सोबत पाच वस्तू फुकट. पण तारा दाबताना बोटं सोलवटून निघाली तर तो प्रीॲम्प कोण ऐकणार?

आत काय असतं ते आधी समजून घ्या

गिटारच्या पोटावर तारा जिथं अडकवलेल्या असतात तो ब्रिज. त्यावर एक पांढरी पट्टी असते, तिला सॅडल म्हणतात. सगळ्या तारा तिच्यावर टेकतात. पिकअपवाल्या गिटारमध्ये या सॅडलच्या खाली एक बारीक पट्टी बसवलेली असते, ती पिझो. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यात वीज तयार होते, हे प्येर आणि जाक या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिलं. तीच गोष्ट इथं कामाला येते. तार थरथरली की सॅडलवरचा दाब बदलतो आणि पिझो त्याचा विजेचा संकेत करतो. अमेरिकेत चार्ल्स कामन हे हेलिकॉप्टर बनवणारे अभियंते होते. त्यांनी १९६० च्या दशकात ओव्हेशन नावाच्या गिटार काढल्या, आणि सॅडलखालचा पिझो रंगमंचावर रुळला तो मुख्यतः त्यांच्यामुळं.

पिझोचा संकेत फार अशक्त असतो, म्हणून गिटारच्या कुशीत प्रीॲम्पची डबी असते. तिला बहुतेक वेळा नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. काही स्वस्त मॉडेलांत नाण्यासारखे दोन सेल असतात. घेतानाच विचारा आणि शक्यतो नऊ व्होल्टवालीच घ्या, कारण ती बॅटरी तालुक्याच्या गावीही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. प्रीॲम्पला वेगळं बटण नसतं. वायर खुपसली की तो सुरू होतो. म्हणून वाजवून झालं की वायर काढा, नाहीतर बॅटरी विनाकारण उतरत राहते. पिझो तारेचा दाब ऐकतो, तारेतलं लोखंड नव्हे. त्यामुळं अकौस्टिकच्या साध्या ब्राँझच्या तारा चालतात, इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची गरज नाही.

किती खर्च करावा

तीन-चार हजारांत ३८ इंची गिटार मिळते. ती शिकायला घ्यायची असेल तर प्रत्येक फ्रेट, म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, तपासून घ्या, पण त्या किमतीतला पिकअप नावालाच असतो. सहा ते नऊ हजारांत कडेन्ससारख्या भारतीय ब्रँडच्या बऱ्या गिटार येतात. दहा ते अठरा हजारांत यामाहा, कॉर्ट, फेंडर, आयबानेझ यांची सुरुवातीची मॉडेलं पिकअपसकट मिळतात. पहिलीच गिटार असेल आणि नऊ-दहा हजारच हातात असतील, तर मी पिकअपवाली हलकी गिटार घेण्यापेक्षा बिनपिकअपची चांगली गिटार घ्यायला सांगेन. साउंडहोलमध्ये, म्हणजे पोटावरच्या गोल भोकात, अडकवायचा किंवा चिकटवायचा पिकअप नंतर कधीही बसतो. पिळलेला नेक, म्हणजे गिटारची मान, नंतर सरळ होत नाही.

एकूण बजेटमधून दोनेक हजार बाजूला ठेवा. कॅपो (नेकवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), कापूस भरलेली जाड बॅग, तारांचे दोन सेट, तीन मीटरची वायर आणि पट्टा हे सगळं लागणारच आहे.

लाकडाबद्दल आपल्या भागासाठी वेगळं सांगावं लागतं. जाणकार म्हणतात, वरची फळी ‘सॉलिड टॉप’ घ्या, म्हणजे अखंड स्प्रूसची. आवाजाच्या बाबतीत ते खरं आहे. पण सॉलिड टॉपला हवेतला ओलावा साधारण ४५ ते ५५ टक्के लागतो, आणि आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी तो २० टक्क्यांच्या खाली जातो. अखंड फळी अशा हवेत आकसते आणि चिरते. थर चिकटवून केलेली लॅमिनेट फळी हे बरंच सोसते. परभणीत पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यानं पहिल्यांदा लॅमिनेटच घ्यावी, यात कमीपणा काही नाही. घरात दिवसभर सावली आणि बऱ्यापैकी गारवा असेल आणि गिटारची निगा राखायची तयारी असेल तरच सॉलिड टॉपकडं जा.

आकाराचंही बघा. दुकानात सगळ्यात जास्त दिसते ती मोठ्या पोटाची ड्रेडनॉट. खुर्चीवर बसून ती छान वाजते. पण भजनात, पारायणात आपण मांडी घालून सतरंजीवर बसतो, आणि तिथं ते मोठं पोट उजव्या हाताला वर उचलतं. कंबर बारीक असलेली, कॉन्सर्ट आकाराची गिटार मांडीत नीट बसते. वायरचं भोक कुठं आहे तेही पाहा. ते तळाला, पट्ट्याच्या खुंटीच्या जागी असेल तर मांडी घातल्यावर वायरची पिन जमिनीला टेकते आणि वाकते. अशा गिटारला काटकोनात वळलेली पिनच घ्या.

दुकानात तपासणी

संभाजीनगर, लातूर, नांदेड इथं वाद्यांची दुकानं आहेत. धाराशिवकडचे लोक सोलापूरला जातात, नांदेड-देगलूरकडचे हैदराबादला. कुठंही जा, चार एटीएम कार्डं जवळ ठेवा. प्रत्येक कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, आणि गिटार मोजायला याहून सोपं माप नाही.

बाराव्या फ्रेटवर, म्हणजे जिथं नेकवर दोन ठिपके असतात तिथं, सगळ्यात जाड तारेच्या खाली कार्डं एकावर एक ठेवून सरकवा. तीन कार्डं तारेला जेमतेम लागून गेली तर उंची सुमारे २.३ मिलिमीटर आहे. नवशिक्यासाठी हे उत्तम. चार कार्डं सैल जात असतील तर तारा तीन मिलिमीटरच्या वर आहेत, बोटांना त्रास होणार. बारीक तारेखाली दोन ते अडीच कार्डांची जागा पुरे. या उंचीला ‘ॲक्शन’ म्हणतात. पहिल्या दोन महिन्यांत गिटार सोडून देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा दोष बोटांत नसतो, ॲक्शनमध्ये असतो. शिकवणारे मात्र ‘सराव कर’ एवढंच सांगत राहतात.

ॲक्शन जास्त असेल तर लगेच नको म्हणू नका, कारण ती बहुतेक वेळा खाली आणता येते. आधी नेकचा बाक बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहा. झेरॉक्सचे दोन कागद जातील एवढी फट असावी. त्याहून खूप जास्त असेल तर नेक पुढं वाकलाय. त्यासाठी नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळी असते, ती ॲलन कीनं पाव आटा घट्ट करायची आणि वाट बघायची. एका वेळी पाव आट्याच्या पुढं जायचं नाही. ट्रस रॉडच नसलेली गिटार घेऊ नका. सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, आणि तो नुसत्या लाकडावर किती दिवस सोडायचा?

नेक सरळ असूनही ॲक्शन जास्त असेल, तर सॅडल खालून घासून कमी करतात. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचा असेल तर सॅडलचे दोन मिलिमीटर जातात. आणि इथं पिझोचा संबंध येतो. सॅडलचा तळ काचेसारखा सपाट राहिला नाही तर पिझोवर सगळीकडं सारखा दाब पडत नाही, आणि वायर लावल्यावर एखादी तार मुकीच होते. म्हणून घासायचंच तर सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून, सॅडल ताठ धरून, हळूहळू. नाहीतर सरळ जाणकाराकडं द्या.

बाकीचं भरभर उरकता येतं. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा, कुठं खरखर येते का ऐका. ब्रिजच्या मागं कागदाची कड घालून बघा. ती आत शिरली तर ब्रिज उचलायला लागलाय, ती गिटार ठेवून द्या. नेकच्या कडेवरून हात फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. मग दुकानातल्याच ॲम्प्लिफायरला वायर लावून सहाही तारा सारख्याच जोरात येतात का ते तपासा, आणि वायरची पिन हलवून बघा. खर्रखर्र झालं तर जॅक सैल आहे.

ऑनलाइन मागवणार असाल तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि हीच सगळी तपासणी परतीची मुदत संपायच्या आत करा. उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीतून तापून आलेलं खोकं तासभर सावलीत ठेवा, मगच उघडा.

गिटार लावणं, पेटीला धरून

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडं ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. जाड ई म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झ, बारीक ई सुमारे ३३०. घरी एकट्यानं बसला असाल तर मोबाइलमधलं कुठलंही मोफत ट्यूनर ॲप किंवा प्रीॲम्पवरचा ट्यूनर पुरेसा आहे. चारचौघांत, टाळांच्या आवाजात, शेंड्याला चिमट्यासारखा लागणारा क्लिप ट्यूनर बरा, तो थरथर ओळखतो.

पण भजनात ट्यूनरचं ऐकायचं नाही, पेटीचं ऐकायचं. पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्या घासून एकदाच सुरात लावलेल्या असतात, मैफलीत त्या बदलत नाहीत, आणि जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या मापापासून जराशा सरकलेल्या असतात. ट्यूनरनं अचूक लावलेली गिटार अशा पेटीशेजारी बेसूर वाटते. तेव्हा पेटीवाल्या काकांना सांगा, पांढरी तीन धरा. त्यावर तुमच्या दोन्ही ई तारा लावा. मग पांढरी सहावर ए, पांढरी दोनवर डी, पांढरी पाचवर जी, पांढरी सातवर बी. पाच सुरांत गिटार पेटीला मिळते, आणि मंडळींनाही कळतं की हे पोरगं ऐकून वाजवतंय.

त्यानंतर बुवांना विचारायचं, “पट्टी कोणती?” उत्तर येतं काळी एक, काळी पाच, पांढरी चार. नव्या गिटारवाल्याची इथंच तारांबळ उडते, कारण पुस्तकं सगळी सी, जी, डी अशा भाषेत बोलतात. उपाय कॅपो. गिटारवर एक फ्रेट म्हणजे पेटीवरची एक पट्टी, काळी-पांढरी धरून. म्हणून कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची, तीन सोपी घराणी पाठ करा, त्यात कोणतीही पट्टी बसते. जीचं घराणं म्हणजे जी, सी, डी आणि ई मायनर. डीचं म्हणजे डी, जी, ए. एचं म्हणजे ए, डी, ई. पहिला कॉर्ड हाच ‘सा’.

पुरुषांच्या गाण्यात नेहमी येणारी काळी एक घ्या. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून एचं घराणं वाजवा, झालं. काळी दोनला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि डीचं घराणं. पांढरी चारला डीचंच, पण कॅपो तिसऱ्यावर. काळी तीनला तेच चौथ्यावर. बायकांच्या भजनी मंडळात काळी चार, काळी पाच या पट्ट्या खूप येतात. काळी चारला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जीचं घराणं, काळी पाचला तिसऱ्यावर कॅपो आणि जीचंच. पांढरी एक आली तर कॅपो तिसऱ्यावर आणि एचं घराणं. पांढरी दोन आणि पांढरी पाचला कॅपोची गरजच नाही, डी आणि जी तसेच वाजतात. हे एका कागदावर लिहून गिटारच्या बॅगेत ठेवा.

कॅपो फ्रेटच्या अगदी मागं लावा, मधोमध नको, आणि लावल्यावर एकदा सगळ्या तारा पुन्हा ऐकून घ्या. कॅपोच्या दाबानं तारा थोड्या चढतात.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपलं भजन रागावर चालतं आणि कॉर्डमध्ये तीन सूर एकदम वाजतात. त्यातला एखादा सूर रागात नसला तर तो कानाला टोचतो. भूपाचं उदाहरण बघा. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. डीच्या घराण्यात वाजवताना जी कॉर्ड आला की त्यात मध्यम आलाच, आणि ए कॉर्डमध्ये निषाद आहे. तिथं डी आणि बी मायनर हेच कॉर्ड धरा, आणि पंचमावर जायचं झालं तर पूर्ण ए न वाजवता फक्त ए आणि ई हे दोन सूर छेडा. रागच ओळखू येत नसेल तर ‘सा’ आणि ‘प’ या दोन सुरांवरच राहा, तानपुऱ्यासारखं. बहुतेक रागांत त्यात काही चुकत नाही, आणि गाणाऱ्याला आधार मिळतो. बी मायनर सुरुवातीला कठीण जातो, त्याच्या बारीक तीन-चार तारा दाबल्या तरी चालतं.

हाताला वळण

डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापा, हे पहिलं. बोटाचं टोक फ्रेटच्या लगेच मागं टेकवा, म्हणजे कमी जोरात स्वच्छ सूर येतो. सुरुवात ई मायनरनं करा, दोनच बोटं लागतात. मग ए मायनर, डी, जी, सी. एफला घाई नको, तो पूर्ण पट्टी दाबायचा कॉर्ड आहे. वरच्या तीन घराण्यांत तो कुठंच येत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. बोटं पहिले दोन-तीन आठवडे दुखतात, मग टोकांना घट्टे पडतात. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा. तारा ०.०१० इंच जाडीपासून सुरू होणाऱ्या एक्स्ट्रा लाइट सेटच्या घ्या, हात बसला की ०.०११ किंवा ०.०१२ वर जा.

उजव्या हाताला आपल्याकडचेच ठेके शिकवा. केहरव्याच्या आठ मात्रा मोजा. पहिल्या मात्रेला खाली, दुसरी मोकळी, तिसरीला खाली, चौथीला वर, पाचवी मोकळी, सहावीला वर, सातवीला खाली, आठवीला वर. मोकळ्या मात्रेतही हात हवेत हलत राहिला पाहिजे, तो थांबला की लय गेली. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिल्या आणि चौथीला नुसती जाड तार, आणि दुसरी-तिसरी, पाचवी-सहावीला बारीक तारांवर हलका हात. भजनी ठेका पखवाजावर कान ठेवून शिका, कागदावर तो सापडत नाही. पखवाज आणि टाळ चालू असताना गिटारनं कमीच वाजवावं. प्रत्येक मात्रा भरायला गेलात तर गाण्याचे शब्द बुडतात, आणि अभंगात शब्दच तर मोठे.

कॉलेजात असाल तर युवक महोत्सवाकडं लक्ष ठेवा. संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, दोन्हींकडं हे महोत्सव होतात. विद्यापीठांच्या या स्पर्धांत पाश्चात्त्य वाद्यवादन हा वेगळा प्रकार असतो. तयारीला तारीख मिळते आणि मांडवातला अनुभवही.

वायर लावून वाजवताना

गावातल्या साउंडवाल्याकडं बहुधा आहुजाचा ॲम्प्लिफायर असतो. तो गिटारची वायर सवयीनं माइकच्या भोकात खुपसतो आणि आवाज फाटतो. माइकचं भोक माइकच्या नाजूक संकेतासाठी असतं, तुमच्या प्रीॲम्पचा संकेत त्याच्यापुढं कितीतरी दणकट आहे. त्यांना अदबीनं सांगा, “दादा, ऑक्झला द्या.” मिक्सर असेल तर लाइनच्या भोकात. वायर सहा-सात मीटरच्या वर जात असेल तर मधे डीआय बॉक्स, म्हणजे लांब वायरीसाठी संकेत जुळवून देणारी डबी, लागतो, तो साउंडवाल्याकडं मागा.

प्रीॲम्पवरचे सगळे नॉब आधी मधोमध ठेवा, आवाज पाऊणपर्यंत. मग बेस थोडा कमी करा, कारण खालचे सूर पखवाज किंवा ढोलकी सांभाळते. मिड जरा उतरवला की पिझोचा तो कर्कश, प्लास्टिकसारखा आवाज मवाळ होतो.

‘हुंऽऽ’ असा हुंकार सुरू झाला तर तो फीडबॅक. गिटारच्या पोटाचा स्वतःचा गुंजारव १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि स्पीकरचा आवाज त्याला चेतवतो. स्पीकरच्या मागं बसा, तोंडासमोर नको. बेस आणखी उतरवा. प्रीॲम्पवर ‘फेज’चं बटण असेल तर दाबून बघा. एवढ्यानं भागत नसेल तर साउंडहोलला बसणारं रबराचं झाकण मिळतं, ते गणपतीच्या दहा दिवसांत बॅगेत असू द्या.

सतत घरघर येत असेल तर दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात बादलीभर पाणी ओतलं तरी फरक पडतो. स्वस्त इन्व्हर्टरवरही अशी घरघर होते. माइकला ओठ लागून मुंग्या आल्या, किंवा वायरच्या धातूला हात लावून झिणझिण्या आल्या, तर त्याच क्षणी हात काढा आणि वीज बंद करायला सांगा. अर्थिंग दुरुस्त झाल्याशिवाय गाणं पुढं न्यायचं नाही, मंडळी कितीही खोळंबली तरी.

घरी सरावाला ब्लूटूथ स्पीकर जोडू नका. तार छेडल्यावर आवाज क्षणभर मागून येतो आणि लयच बिघडते. त्याच स्पीकरला ऑक्झची वायर लावली तर हा प्रश्न येत नाही.

ऊन, पाऊस आणि गिटार

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४३ च्या वर जातो. बंद मोटारीत तो ६० च्याही वर जातो, आणि तेवढ्या उष्णतेत ब्रिजचा सरस मऊ पडून सत्तर किलोच्या ताणाखाली ब्रिज उखडू शकतो. म्हणून उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवायची नाही, दहा मिनिटंसुद्धा. ट्रॅव्हल्सच्या डिकीत देऊ नका, स्लीपरमध्ये शेजारी घ्या. लाल परीत मांडीवर किंवा दोन सीटांच्या मधे उभी धरा.

घरात पत्र्याखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा, त्याच्या खालोखाल पश्चिमेची तापणारी भिंत. माळवदाचं जुनं घर असेल तर तुमची गिटार नशीबवान, जाड पांढऱ्या मातीच्या भिंतींत उष्णता आणि कोरडेपणा दोन्ही आवाक्यात राहतात. कूलरच्या हवेनं ओलावा वाढतो हे खरं, पण त्याच्या थेट झोतात गिटार ठेवली तर तारा गंजतात आणि लाकूड एका बाजूनं फुगतं.

उन्हाळ्यात गिटार बाहेर भिंतीला टांगून ठेवू नका, बॅगेत ठेवा. साबणाच्या प्लास्टिक डबीला भोकं पाडा, आत स्पंजचा तुकडा ओला करून, घट्ट पिळून ठेवा, आणि डबी बॅगेत गिटारच्या शेंड्याकडं सरकवा. थेंब गळता कामा नये. तीन-चार दिवसांनी पुन्हा ओला करा. छोटं डिजिटल आर्द्रतामापक मिळतं, ते बॅगेत टाकलं तर अंदाजावर राहावं लागत नाही. पावसाळ्यात डबी काढून घ्या आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

गिटार कोरडी पडतेय हे ती स्वतः सांगते. नेकच्या कडेला फ्रेटची टोकं टोचायला लागतात, कारण लाकूड आकसतं आणि धातू तसाच राहतो. वरची फळी किंचित खाली बसते, ॲक्शन उतरते, तारा खरखरतात. पावसाळ्यात उलटं, फळी फुगते आणि ॲक्शन चढते. म्हणून मे महिन्यात खरखर आली की लगेच सॅडल बदलायला धावू नका, आधी आठवडाभर ओलावा देऊन बघा.

वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं तारा वरून-खालून पुसा, घामानंच त्या काळ्या पडतात. रोज वाजवत असाल तर दोन-तीन महिन्यांनी सेट बदला, आणि एकेक तार काढून एकेक लावा म्हणजे नेकवरचा ताण एकदम सुटत नाही. ब्रिज उचलला तर त्यात फेविक्विक ओतू नका. तो सांधा धरत नाही आणि पुढच्या कारागिराला आधीचा सरस खरवडता येत नाही. तारा पूर्ण सैल करा आणि गिटार तशीच जाणकाराकडं पोचवा.

सेटअपला पुण्याला किंवा हैदराबादला गिटार पाठवायची झाली तर जून उजाडण्याआधी पाठवू नका. मेमध्ये फळी बसलेली असताना केलेला सेटअप श्रावणात उंच होतो. दिवाळीच्या आसपास हवा मध्यावर असते, तो काळ चांगला. आणि कारागिराला सांगा की ही गिटार मराठवाड्यात राहते, उन्हाळ्यात ॲक्शन खाली येते, तेवढी जागा ठेवून बसवा.